रणगाडा फोडणाऱ्या मघाडे बाई

मघाडे बाई कागद कधी टोपलीत टाकत नसत. जाळत. पाठाच्या टाचणाचा खर्डा असो, चाचणीचे जुने पेपर असोत, की भाकरी गुंडाळून आणलेल्या वर्तमानपत्राच्या कडेला केलेली पेन्सिलीची आकडेमोड असो. शाळा सुटली की त्या विज्ञानाच्या खोलीमागच्या ओट्यावर बसायच्या, घमेल्यात सगळं टाकून काडी लावायच्या, आणि राखसुद्धा काडीनं ढवळून तिचा भुगा करायच्या. शिपाई म्हणायचा, "बाई, रद्दीत टाका की." त्या म्हणायच्या, "सवय आहे." ही सवय त्यांना कुठं लागली, कुणी लावली, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

बांगलादेशची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. जुन्या जालन्यातल्या आमच्या मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवत होते. विज्ञानाला बाई मिळत नव्हती. एक दिवस हेडसर एका उंच, सावळ्या, जाड चष्म्याच्या बाईला घेऊन स्टाफरूममध्ये आले. म्हणाले, "ह्या कमल मघाडे. एम.एस्सी. आहेत." एम.एस्सी. झालेली बाई जालन्यात शाळामास्तरीण व्हायला कशाला आली, हा प्रश्न सगळ्यांच्याच चेहऱ्यावर उमटला. आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी तो विचारलाही.

"आधी कुठं होता?"

"होते एका ठिकाणी."

"म्हणजे कॉलेजात?"

"तेवढं सोडून विचारा," बाई म्हणाल्या आणि वेळापत्रक बघू लागल्या.

बस, त्या दिवसापासून स्टाफरूमला खाद्य मिळालं. कुणी म्हणे नोकरीवरून काढलं. कुणी म्हणे तिकडं काही भानगड झाली. कुंभार पिंपळगावच्या बौद्ध वस्तीतली मजुराची मुलगी एवढी शिकली, कुठल्याशा सरकारी नोकरीपर्यंत गेली आणि परत आली, यात परत येणंच लोकांना जास्त पटण्यासारखं वाटत होतं. स्टाफरूममध्ये त्यांचा कप वेगळा ठेवलेला नव्हता. पण त्या ज्या कपातून प्यायच्या तो चुकूनसुद्धा कुणी उचलत नसे.

बाईंना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांची जीभ तिखट होती. ड्रॉइंगचे सर एकदा राखीव जागांवरून काहीतरी बोलले, तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमच्या वर्गातल्या मुली सरळ रेघ मारायला माझ्याकडं येतात. ते आधी बघा." सर महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. बाईंना त्याचं काही वाटलं नाही.

शिकवायच्या मात्र अशा की मी माझे पेपर तपासायचे सोडून त्यांच्या वर्गाच्या दारात उभी राहायची. एकदा त्यांनी वर्गात एक जुनी कानस आणली आणि एक साधा खिळा. मुलींना विचारलं, "यातलं कठीण काय?" कानशीनं खिळा घासला जातो, तेव्हा कानस, मुली म्हणाल्या. बाईंनी कानस दोन विटांवर आडवी ठेवली आणि हातोडी मारली. कानशीचे काचेसारखे दोन तुकडे झाले. मग खिळ्यावर हातोडी मारली. खिळा वाकला.

"कठीण म्हणजे मजबूत न्हाई," बाई म्हणाल्या. "कठीण असतं ते फुटतं. मऊ असतं ते वाकतं. न फुटणारं आणि न वाकणारं पाहिजे असलं तर काय करायचं?"

मुली खिळा आणि कानशीचे तुकडे हातात घेऊन बघू लागल्या.  उत्तर बाईंच्या अगदी ओठावर आलं असावं असं मला दारातून वाटलं. पण त्यांनी फळा पुसला आणि म्हणाल्या, "पान उघडा."

आमचं जमलं ते त्यांच्या मायमुळं. बाई मायला घेऊन कापडगल्लीच्या मागं एका खोलीत राहायच्या. मी रविवारी बाजाराला गेले की तिकडं डोकवायची. माय गप्पिष्ट होती. लेक बाहेर गेली की तिचं दुःख सांगायला तिला कुणीतरी हवंच असायचं. एकदा असंच बाई पाणी भरायला गेल्या असताना माय म्हणाली, "ही तिकडं काय काम करती ते मला कधी सांगितलं न्हाई बघा, बाई. रजेवर आल्ती एकदा. मी जवारीच्या लाह्याचे लाडू बांधून राह्यले व्हते. पहिल्यांदा गूळ कमी पडला, तर लाडू हातातच फुटून राह्यला. मंग ज्यास्त घातला, तर मऊ पडला, दाबला की बसायला लागला. ही चुलीपाशी बसून बघू लागली. एक लाडू फोडायची, एक दाबायची. मंग लाह्या बारीक चुरून बांधायला लावल्या मला. तो लाडू काही केल्या फुटंना. झालं, उठली, पिशवी घेतली, म्हनली, माय, मी चालले. मी म्हनलं, भाकर तर खाय. न जेवता गेली. चार दिसाची रजा टाकून गेली."

"मग?"

"मंग काय. वर्सभरानं आली ती नोकरी सोडूनच आली. सायबानं कागदावर हिचं नाव घातलं न्हाई म्हणं. कशाचा कागद, कुठला सायब, मला काय ठाव? एवढंच बोलली आन् भिताडाकडं तोंड करून निजली."

तेवढ्यात बाई कळशी घेऊन आल्या. मायनं लगेच विषय बदलला.

त्याच वर्षी बाईंना स्थळ आलं. परतूरकडचे शिक्षक होते, वय बाईंना साजेसं, माणूस बरा. घरात दुसरं वडीलधारं कुणी नाही म्हणून मायनं मला बोलावून घेतलं. मुलाबरोबर त्याचे चुलते आले होते. चहा झाला, नाव-गाव झालं. मग चुलत्यांनी विचारलं, "मास्तरणीची नोकरी ठीक आहे. पण आधीची सरकारी नोकरी का सोडली?"

"न्हाई पटलं म्हणून सोडली," बाई म्हणाल्या.

"काय काम होतं तिथं?"

"ते सांगता येणार न्हाई."

"म्हणजे?"

"सही दिलेली आहे मी. कुणालाच सांगायचं न्हाई अशी."

चुलत्यांनी एकदा मुलाकडं आणि एकदा माझ्याकडं बघितलं. "सांगता येत न्हाई असं काय काम केलं बाईमाणसानं?" हे ते हळूच म्हणाले, पण खोली एवढीशी होती. माय रडायला लागली. म्हणाली, "अगं, लांबून लांबून तरी सांग काहीतरी." मुलगा बिचारा म्हणाला, "मला सांगितलं तरी चालेल. मी कुणाला बोलणार न्हाई." बाईंनी त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. त्यांचं मन त्याच्यावर बसलं होतं, हे मला त्या बघण्यातून कळलं. पण त्या म्हणाल्या, "तुम्हाला सांगितलं तर मग सहीचं काय राह्यलं?"

पाहुणे उठले. स्थळ परत आलं नाही. जालन्यात मात्र चुलत्यांचं ते वाक्य फिरत राहिलं.

पुढच्या हिवाळ्यात बाईंनी मुलींना रोलिंग मिल दाखवायला नेलं. एमआयडीसीत तेव्हा नुकत्याच मिली उभ्या राहत होत्या. मीही सोबत होते. गेटवर मुकादमानं अडवलं, "बाई, ये लडकियों का काम नै. इधर आग है."

"देखनेकूच आये, भाई," बाई म्हणाल्या. "हात नै लगाते. मेरेकू आग मालूम है."

कसं कोण जाणे, त्या माणसानं आत सोडलं. लालबुंद कांब रुळांमधून सापासारखी पळताना बघून मुली किंचाळल्या. बाहेर भंगाराचा ढीग होता. त्यात चार बोटं जाडीचा पोलादाचा एक मोठा तुकडा पडला होता. त्याच्या मधोमध गोल भोक होतं. एका बाजूनं भोकाची कड गुळगुळीत, दुसऱ्या बाजूनं पोलाद फाटून बाहेर उमललेलं.

"फौज का माल है," मुकादम म्हणाला. "लढाई के टँक का पत्रा."

बाई त्या तुकड्यापाशी खाली बसल्या. भोकात बोटं घातली. कडेवरून बोट फिरवत राहिल्या. मुली गोळा झाल्या. मला वाटलं आता काहीतरी समजावून सांगतील. त्यांच्या चेहऱ्यावर आधी मी कधी न बघितलेला आनंद होता, एखाद्या बाईनं आपल्या हातची वीण कुणाच्या अंगावर ओळखावी तसा. मग त्यांनी तुकडा मुकादमाच्या मदतीनं उलटा केला. आतल्या बाजूला काळं जळलेलं होतं. त्यांचा हात थांबला.

"आत किती माणसं असतात हो, टँकमध्ये?" त्यांनी मुकादमाला विचारलं.

"तीन, चार. क्या मालूम."

बाई उठल्या.  संध्याकाळी मी खोलीवर गेले तर जेवल्या नव्हत्या. माय म्हणाली, हात घासून घासून धुवून राह्यली.

मला तेव्हा यातलं काहीच जोडता आलं नाही. ते जोडलं गेलं विज्ञान प्रदर्शनाच्या दिवशी.

आमच्या संस्थेच्या सचिवांच्या नात्यात कुणी मोठे शास्त्रज्ञ होते. देशाच्या संरक्षणासाठी काम केलेले, मानसन्मान मिळालेले, नुकतेच निवृत्त झालेले. ते औरंगाबादला येणार होते, तर त्यांच्याच हातून प्रदर्शनाचं उद्घाटन करायचं ठरलं. निमंत्रणपत्रिका स्टाफरूममध्ये आली. बाईंनी पत्रिका वाचली, टेबलावर ठेवली आणि सरळ हेडसरांच्या खोलीत जाऊन त्या दिवसाची रजा मागितली. हेडसर म्हणाले, "प्रदर्शन तुमचं, आणि तुम्हीच रजेवर? बिलकुल मिळणार नाही."

त्या दिवशी बाई इस्त्रीची पांढरी साडी नेसून आल्या. पाहुण्यांनी फीत कापली, टेबलं बघत बघत बाईंपाशी आले आणि थबकले. "अरे! मघाडे! तुम्ही इथं?" ते मोकळेपणानं हसले. बाईंनी हात जोडले. चेहऱ्यावर काही नव्हतं.

मग मैदानात भाषण झालं. माणूस बोलायला गोड होता. सुरुवातीलाच म्हणाले, "तुमच्या मघाडे बाई आमच्याच प्रयोगशाळेत होत्या बरं का. भट्टीचं तापमान अगदी चोख टिपून ठेवायच्या." मुलींनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बाई बसल्या होत्या. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं.

"आता मी निवृत्त झालो, थोडंफार सांगायला हरकत नाही," पाहुणे म्हणाले. "मुलींनो, रणगाडा फोडणारा गोळा म्हणजे तुम्हाला वाटेल, दारूनं ठासून भरलेला. पण आमच्या गोळ्यात दारू नव्हतीच. तो फुटत नाही, घुसतो. बाहेरचं हलक्या धातूचं आवरण तोफेतून निघाल्यावर गळून पडतं आणि आतला बारीक, जड, अतिशय कठीण गाभा तेवढा पुढं जातो. टंगस्टनची भुकटी करून, दाबून, भट्टीत भाजून तो बनवायचा. पण आमचा गाभा शत्रूच्या तिरक्या पोलादावर आदळला की त्याचे काचेसारखे तुकडे व्हायचे. कठीण कण एकमेकांना धरून ठेवायला मध्ये दुसरा मऊ धातू लागतो. तो कमी घातला तर गाभा फुटतो. जास्त घातला तर चेपतो. आम्ही सगळे हात टेकून बसलो होतो."

ते थांबले, हसले.

"आणि उत्तर कुठं सापडलं? माझ्या घरी, स्वयंपाकघरात! संक्रांतीला माझी पत्नी तिळाचे लाडू वळत होती. गूळ कमी, तर लाडू फुटतो. गूळ जास्त, तर मऊ पडतो. मी बघत बसलो. मग तिला म्हटलं, तीळ बारीक कुटून बघ. तो लाडू काही केल्या फुटेना! मी जेवणाचं ताट तसंच टाकून प्रयोगशाळेत गेलो. कण बारीक करायचे, हेच उत्तर होतं."

टाळ्यांचा कडकडाट झाला.  मायची चूल, माय, फुटलेला लाडू, न खाल्लेली भाकर, बाईंनी त्याला कधीतरी सांगितलेलं सगळं त्या माणसानं उचललं होतं. भाकरीचं ताट केलं होतं.

शेजारची खुर्ची वाजली. बाई उभ्या राहिल्या होत्या.

"साहेब," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण मैदान शांत झालं. "तीळ नव्हते. जवारीच्या लाह्या होत्या."

पाहुण्यांचा हात पाण्याच्या पेल्याकडं गेला. ते एक घोट प्याले, पेला नीट खाली ठेवला आणि परत हसले. "तीळ काय आणि लाह्या काय, बाई. गूळ तोच ना?"

सगळे हसले. सचिव हसले, हेडसर हसले, काय झालं ते न कळलेल्या मुली हसल्या.  बाई मुलींच्या रांगांमधून वाट काढत फाटकाबाहेर गेल्या.

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी त्यांना बोलावलं. सचिव बसलेले होते. बाईंनी जाताना मला म्हटलं, "ताई, तुम्ही चला." म्हणून मी गेले.

"प्रमुख पाहुण्यांचा भर सभेत अपमान केलात," सचिव म्हणाले. "माफी मागा."

"मी खोटं काय बोलले?"

"मग खरं काय आहे ते तरी सांगा."

"ते सांगता येणार न्हाई."

"अहो, पाहुण्यांनी स्वतः माईकवर सांगितलं! आता काय लपवायचं राहिलं?"

"त्यांनी सांगितलं, ते त्यांचं. मी सही दिलेली आहे."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, मी सांगते. ही गोष्ट यांच्या मायच्या चुलीवरची आहे. मायनं स्वतः मला सांगितली, हे पाहुणे इथं यायच्या कितीतरी आधी. तो शोध यांचा आहे. त्यांनी यांचं नाव गाळलं म्हणून ह्या नोकरी सोडून आल्या."

हेडसर टेबलावरचे कागद सरळ करू लागले. सचिवांना मात्र हसू आवरेना. "लाडवाच्या गोष्टीवरून एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञावर चोरीचा आळ? जाधव बाई, तुम्ही मराठीच्या आहात, कथा रचू नका."

मी बाईंकडं बघितलं. मला वाटलं होतं, निदान त्यांना तरी बरं वाटलं असेल. त्या माझ्याकडं न बघता दाराकडं वळल्या. खोलीबाहेर आल्यावर त्या व्हरांड्यात थांबल्या.

"ताई, तुम्हाला कुणी सांगायला लावलं होतं?"

"अहो, पण खरं आहे ना ते?"

"माझं नाव त्यानं घेतलं. माझं काम घेतलं. काल माझ्या मायची चूलसुद्धा घेतली. ओरडावं तर काय चोरलं ते सांगावं लागतं, आणि ते सांगायचं न्हाई अशी सही. एवढी वर्षं तोंड शिवून राह्यले. लग्न गेलं, तरी बोलले न्हाई. माझ्याजवळ एकच राह्यलं होतं, की मी बोलले न्हाई. ते तुम्ही आज सचिवांच्या हसण्यावारी घालवलं."

 आजही मला वाटतं, त्या खोलीत गप्प बसणं मला शक्य नव्हतं. आणि त्यांचंही खरं होतं.

त्या दिवसानंतर बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. मायशीसुद्धा कितीतरी दिवस बोलल्या नाहीत. मायनं मला रस्त्यात गाठून विचारलं, "बाई, लाडवाचं सांगितलं त्यात माझं काय चुकलं?" स्टाफरूममध्ये कुणीतरी नाव काढलं, 'रणगाडा फोडणाऱ्या मघाडे बाई'. ड्रॉइंगच्या सरांनी ते मुलींपर्यंत पोचवलं. बाई जिन्यावरून जायला लागल्या की वरून कुणीतरी तोंडानं तोफेचा आवाज काढायचं. त्यांनी एकदाही वर बघितलं नाही. माफी मागितली नाही. वर्ष संपलं आणि संस्थेनं त्यांना पुढं ठेवलं नाही. खोलीला कुलूप लागलं. माय-लेकी कुठं गेल्या ते कापडगल्लीत कुणाला माहीत नव्हतं.

त्यानंतर त्या मला एकदाच भेटल्या. दशक संपत आलं होतं. भाच्याच्या कामासाठी मी एमआयडीसीत गेले होते. बियाण्याच्या एका कारखान्याची पाळी सुटली होती. बायका टेम्पोत चढत होत्या. त्यात जाड चष्मा दिसला. केस पिकले होते. नाकातोंडाला बांधलेलं फडकं त्यांनी खाली ओढलं.

"ताई, बऱ्या आहात न?" जणू काल भेटलो असं त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "मी बरी. माय?"

"माय गेली."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग विचारलं, "इथं काय करता?"

आणि बाई बोलायला लागल्या. "बी तपासते. ओल्या गोणपाटात ठेवायचं, रोज काढून बघायचं. ताई, वरून सगळं बी सारखंच दिसतं. पण यंत्रातून जाताना काहींच्या टरफलाला आतून तडा जातो, तो डोळ्यांना दिसत न्हाई. मी साहेबांना म्हटलं, यंत्राचा वेग कमी करून बघू…" त्यांचे हात हलत होते. एवढं सलग बोलताना मी त्यांना वर्गाबाहेर कधी ऐकलं नव्हतं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. बायकांनी हात धरून त्यांना वर ओढून घेतलं. फाळक्याला धरून त्या माझ्याकडं वळल्या आणि पुढं सांगू लागल्या.

टेम्पो सुरू झाला. त्याच्या धडधडाटात मला एकही शब्द ऐकू येईना. मी मान हलवत राहिले. टेम्पो धुळीत दिसेनासा होईपर्यंत त्या बोलतच होत्या.